कर्जदाराचे हक्क : ‘सिबिल’वरून पीक कर्ज नाकारले तर

‘सिबिल खराब आहे’ एवढेच तोंडी सांगून पीक कर्जाचा अर्ज परत करणे नियमाला धरून नाही. पतमाहिती कंपन्यांच्या 2005 च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, पतमाहिती अहवालाच्या आधारे कर्ज नाकारणाऱ्या बँकेने 30 दिवसांत अर्जदाराला लेखी नकार द्यायचा असतो. त्यात नकाराचे नेमके कारण, अहवालाची प्रत आणि तो देणाऱ्या कंपनीचे नाव-पत्ता असावा लागतो. पुढची सगळी दाद या कागदावर उभी राहते; म्हणून अर्जाची पोच आणि लेखी नकार हे दोन्ही मागून घ्यावेत.

अहवाल देणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि क्रिफ हाय मार्क. पहिलीचे नाव इतके रुळले, की 300 ते 900 मधल्या कोणत्याही गुणांकाला गावात सिबिलच म्हणतात. कंपनी स्वतः कर्ज मंजूर वा नामंजूर करत नाही. बँकांनी कळवलेल्या नोंदी साठवून त्यांवरून गुणांक काढते. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह मोफत मिळतो.

बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोदसारख्या कपाशी-सोयाबीनच्या कोरडवाहू तालुक्यात हा अहवाल बारकाईने वाचावा लागतो, कारण इथल्या अनेक खात्यांवर कर्जमाफीचे थर आहेत. 2017 च्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत दीड लाखापर्यंत माफी होती. थकबाकी त्याहून जास्त असल्यास वरची रक्कम भरून एकरकमी परतफेड करायची होती. 2019 च्या महात्मा जोतीराव फुले योजनेत मर्यादा दोन लाखांची होती. माफीची रक्कम जमा होऊनही अहवालात खाते थकीतच दिसत असेल, तर ती चूक आहे आणि ती दुरुस्त करून मागता येते. खाते तडजोडीने मिटल्याची नोंद मात्र खरी असू शकते. ती केवळ गैरसोयीची आहे म्हणून पुसली जात नाही. जामीनदाराच्या अहवालातही मूळ कर्जदाराची थकबाकी उमटते. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरसाठी केलेली सही अशी कित्येक वर्षांनंतर आडवी येते.

चूक आढळल्यास पतमाहिती कंपनीकडे किंवा ती नोंद पाठवणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी. कर्ज फेडल्याचा दाखला, खातेउतारा, कर्जमाफीचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. निपटाऱ्याची मुदत 30 दिवसांची. त्यातले 21 दिवस बँकेला दुरुस्त माहिती पाठवण्यासाठी. 26 एप्रिल 2024 पासून, मुदत उलटली तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते, आणि ज्याच्याकडून उशीर झाला त्याने ती द्यायची.

ज्याने कधी कर्जच घेतले नाही त्याचा अहवाल कोरा असतो. कोरा म्हणजे वाईट नव्हे : कर्जाचा पूर्वेतिहास नाही एवढ्याच कारणावरून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नाकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितले आहे. कर्जासाठी किमान गुणांकही तिने ठरवून दिलेला नाही. अमुक आकड्याखाली कर्ज नाही, हे धोरण त्या-त्या बँकेचे असते. मे 2025 मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीक कर्जासाठी सिबिलची अट घालणाऱ्या बँकांवर गुन्हे नोंदवण्याचा इशारा दिला. हा इशारा शाखेत जरूर ऐकवावा. पण बँकांचे नियमन रिझर्व्ह बँक करते, त्यामुळे लेखी नकाराची मागणी त्याहून जास्त उपयोगी पडते. अर्थात, या नियमांतून अचूक अहवालाचा आणि कारण कळण्याचा हक्क मिळतो, कर्ज मिळण्याचा नव्हे. अहवाल बरोबर असेल तर नकार द्यायला बँक मोकळी असते.

तक्रारीला 30 दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर न पटल्यास, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पतमाहिती कंपन्याही 1 सप्टेंबर 2022 पासून लोकपालाच्या कक्षेत आहेत. मदतीसाठी 14448 हा क्रमांक आहे. सेवेतील त्रुटीसाठी बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातही दाद मागता येते. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते.