पोटावरील चरबी आणि व्यायाम

पोटाच्या भागात प्रमाणाबाहेर चरबी साठण्याला उदरीय स्थूलता असे म्हणतात. बोलीभाषेत यालाच ‘पोट सुटणे’ किंवा ‘ढेरी येणे’ म्हटले जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार व यकृतातील चरबी यांच्याशी तिचा निकटचा संबंध आहे. नियमित व्यायामाने पोटाचा घेर कमी होतो. मात्र फक्त पोटाच्या स्नायूंचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी हटवता येत नाही. भारतीयांमध्ये सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तींच्या पोटातही अशी चरबी आढळते, त्यामुळे हा विषय लठ्ठ व्यक्तींपुरता मर्यादित नाही. ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या, रोजच्या दीर्घ रेल्वेप्रवासाने दिनक्रम ठरणाऱ्या शहरांत व्यायामासाठी वेळ काढणे हा या विषयाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

चरबीचे प्रकार

पोटातील चरबी प्रामुख्याने दोन थरांत असते. चिमटीत पकडता येणारी चरबी त्वचेखालील असते. यकृत, आतडी आदी अवयवांभोवती साठणाऱ्या चरबीला अंतस्थ चरबी म्हणतात. ती बाहेरून हाताला लागत नाही. अंतस्थ चरबीतून बाहेर पडणारी मेदाम्ले मोठ्या प्रमाणात थेट यकृताकडे जातात. त्यामुळे इन्शुलिनचा परिणाम मंदावतो आणि रक्तातील साखर व मेद वाढू लागतात. आनुवंशिकता, वाढते वय, बैठे काम, अपुरी झोप, मद्यपान आणि गरजेपेक्षा अधिक ऊर्जा देणारा आहार ही या चरबीची प्रमुख कारणे आहेत. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्येही चरबी पोटाकडे साठण्याचे प्रमाण वाढते.

मोजमाप

उभे राहून, सामान्य श्वास सोडल्यानंतर, शेवटची बरगडी व कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर टेप आडवी धरून पोटाचा घेर मोजतात. भारतीय पुरुषांत ९० सेंमी व स्त्रियांत ८० सेंमी किंवा त्याहून अधिक घेर उदरीय स्थूलतेचा निदर्शक मानला जातो.

केवळ वजन पाहून हा धोका ओळखता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रिया व २३ टक्के पुरुष वजनाच्या निकषावर अतिवजनी किंवा स्थूल आढळले. याच सर्वेक्षणात कंबर व नितंबांच्या घेरांचे गुणोत्तर सुमारे ५७ टक्के स्त्रियांमध्ये व ४८ टक्के पुरुषांमध्ये धोक्याच्या पातळीवर होते.

पुणे येथील संशोधन

या तफावतीचा अभ्यास पुण्यातील केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांच्या पोषणाचा अभ्यास १९९३ साली सुरू झाला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो होते. पुण्याच्या बाळांमध्ये स्नायू कमी होते. चरबीचे प्रमाण मात्र त्या मानाने फारसे घटलेले नव्हते. या ठेवणीला ‘कृश पण मेदयुक्त’ असे म्हटले जाते.

२००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही शरीर वस्तुमानांक (बीएमआय) २२.३ होता. तरीही शरीरातील चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. स्नायू कमी व चरबी अधिक अशी ठेवण असलेल्या व्यक्तींच्या दृष्टीने चरबी घटवण्याइतकेच स्नायू वाढवणेही महत्त्वाचे ठरते, कारण रक्तातील साखरेचा सर्वांत मोठा वाटा स्नायू वापरतात.

पोटाचे व्यायाम आणि चरबी

सिट-अप्स, क्रंचेस, प्लँक किंवा नौकासन यांनी पोटाचे स्नायू बळकट होतात आणि पाठीला आधार मिळतो. त्या स्नायूंवरील चरबी मात्र तेवढ्याने वितळत नाही. व्यायामाच्या वेळी संप्रेरकांच्या प्रभावाने शरीरभरातील मेदपेशींतून मेदाम्ले रक्तात उतरतात व रक्तावाटे काम करणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचतात. कोणत्या भागातून किती मेद घ्यावा, हे हालचाल करणारा स्नायू ठरवत नाही.

१९८४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात १३ पुरुषांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५,००४ सिट-अप्स काढल्या. प्रयोगाअंती पोट, पाठ व नितंब या तिन्ही ठिकाणच्या मेदपेशींचा आकार सारख्याच प्रमाणात घटला होता. पोटाला विशेष लाभ झालेला नव्हता. पोटाला बांधावयाचे घाम काढणारे पट्टे किंवा कंप देणारी यंत्रे यांनीही चरबी कमी होत नाही. घामावाटे घटलेले वजन पाण्याचे असते व पाणी प्यायल्यावर ते परत येते.

उपयुक्त व्यायाम

संपूर्ण शरीराला दम लावणारा व्यायाम अंतस्थ चरबीवर अधिक परिणामकारक ठरतो. कॅनडातील २००० सालच्या एका अभ्यासात, वजन स्थिर ठेवून व्यायाम करणाऱ्या स्थूल पुरुषांचीही अंतस्थ चरबी घटल्याचे दिसून आले. त्यामुळे वजनकाट्यावर फरक न दिसला तरी व्यायाम वाया गेला असे म्हणता येत नाही. अशा वेळी टेपने घेतलेले माप अधिक बोलके असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे तीव्र शारीरिक हालचाल करावी आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. बोलता येते पण गाता येत नाही, इतक्या वेगाने चालणे ही मध्यम हालचाल होय. महाराष्ट्राच्या व्यायामपरंपरेतील दंड व बैठका स्नायूबळ वाढवतात. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी प्रचार केलेले सूर्यनमस्कार जलद गतीने घातल्यास दम व बळ दोन्हींचा व्यायाम घडतो.

आहाराशी संबंध

एक किलो शारीरिक चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. ७० किलो वजनाची व्यक्ती अर्धा तास भरभर चालल्यास सुमारे १४० किलोकॅलरी खर्च होतात. एका वडापावातून साधारणपणे याच्या दुप्पट ऊर्जा मिळते. म्हणूनच आहारात बदल न करता केवळ व्यायामाने घटणारे वजन मर्यादित असते. तळलेले पदार्थ, साखर, मैदा व मद्य कमी करणे आणि डाळी, उसळी, भाज्या यांचे प्रमाण वाढवणे हा व्यायामाचा पूरक भाग आहे.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील स्थिती

१६ एप्रिल १८५३ रोजी देशातील पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत धावली. आज याच मार्गावर ठाणे मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ३४, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४ किलोमीटरवर आहे. कल्याणहून जलद लोकलनेही एका बाजूस एक तासाहून अधिक वेळ लागतो. गर्दीत उभ्याने केलेला प्रवास थकवतो, परंतु त्यात हृदयाचे ठोके व श्वास वाढवणारी सलग हालचाल नसते. त्याची गणना व्यायामात होत नाही.

व्यायामासाठी वेगळा तास न मिळणाऱ्यांना हीच वेळ विभागून वापरता येते. घर ते स्थानक हे अंतर शेअर रिक्षाऐवजी सकाळी १५ व संध्याकाळी १५ मिनिटे भरभर चालून कापल्यास पाच दिवसांत १५० मिनिटे, म्हणजे शिफारस केलेली किमान मात्रा पूर्ण होते. पादचारी पुलांचे जिने चढण्याने त्यात भर पडते. दंड-बैठका किंवा सूर्यनमस्कारांना घरातील सतरंजीएवढी जागा पुरते.

ठाण्यात मासुंदा तलावाचा परिसर (तलावपाळी), उपवन तलाव व येऊर, कल्याणमध्ये काळा तलाव आणि डोंबिवलीत ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुल ही चालण्या-धावण्याची परिचित ठिकाणे आहेत. ठाण्यातील घंटाळी मित्र मंडळ योगप्रसारासाठी, तर श्री मावळी मंडळ क्रीडाकार्यासाठी ओळखले जाते.

दक्षता

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया, गर्भावस्था किंवा पोटाची अलीकडील शस्त्रक्रिया असल्यास वैद्यकीय सल्ल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी काही औषधे घेणाऱ्यांची साखर व्यायामाने अचानक कमी होऊ शकते. प्रसूतीनंतर पोटाचे स्नायू मध्यभागी विलग झालेले असल्यास सिट-अप्स टाळून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम करणे इष्ट असते. छातीत दुखणे, चक्कर येणे किंवा अस्वाभाविक धाप लागणे ही लक्षणे दिसताच व्यायाम थांबवून वैद्यकीय मदत घ्यावी. पोटाचा घेर अल्पकाळात वेगाने वाढणे, पायांवर सूज येणे किंवा वजन घटत असताना पोट फुगणे ही चरबीखेरीज अन्य आजारांची लक्षणे असू शकतात. अशा वेळी व्यायामापूर्वी तपासणी आवश्यक असते.