डिझेलमधील पाणी व मळ : शोषक पदार्थांचा खरा उपयोग

ज्या तेलाच्या बळावर आज आपल्या परभणी जिल्ह्यांतील नांगरट, पेरणी व मळणी चालते, तें तेल कोणत्या भांड्यांत राहतें इकडे फार थोड्या शेतकरी बंधूंचें लक्ष असतें. गंगाखेड, पाथरी, जिंतूर, कोणत्याही तालुक्यांत जावें. गोठ्याच्या आडोशास एक गंजकें पिंप, तोंडावर फडक्याचा बोळा, आणि आंत हंगामाची बेगमी, हेंच दृश्य दिसतें.

गेल्या मृगांत आमच्या घरींच एक प्रयोग झाला. मुलतानी माती व कोळशाची पूड डिझेलांतील सर्व मळ ओढून घेते, असें पुतण्यानें कोठें तरी ऐकलें. त्यानें दोन्ही वस्तू पिंपांत ढवळून रात्रभर ठेवल्या व सकाळीं धोतराच्या पदरांतून तेल गाळलें. तेल खरोखरच निवळ दिसूं लागलें. तिसऱ्या दिवशीं ट्रॅक्टर मध्येंच धापा टाकूं लागला. कारागिरानें उघडून पाहिलें तों फिल्टर करड्या चिखलानें भरलेला, आणि तेलाची फवार सोडणारें नोझल घासलें गेलेलें. दुरुस्तीस सहा दिवस लागले, तोंवर वाफसा गेला.

मातीचा गुण खोटा नव्हता. सरकीचें काळपट तेल शुद्ध करणारे कारखाने याच जातीची माती वापरतात. कांहीं पदार्थांचे कण आंतून अतिशय सच्छिद्र असतात व त्यांच्या पृष्ठभागावर रंग, ओल, गंधकाचीं संयुगें इत्यादि चिकटून राहतात. यास अधिशोषण म्हणतात. चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅमचा आंतील पृष्ठभाग सुमारें १००० चौरस मीटर, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आसपास भरतो. (महसूल खात्यांत आयुष्य गेलेल्यास गुंठ्यांवांचून माप सुचत नाहीं.) परंतु कारखान्यांत अशी माती कामानंतर दाबगाळणींतून पूर्णपणें वेगळी काढतात. धोतराच्या विणींतून मातीचे बारीक कण सहज जातात, आणि पंप व नोझल यांच्या भागांमधील फट अवघ्या कांहीं मायक्रॉनची असते. मनुष्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करावी.

गंधकाची चिंता आतां शेतकऱ्यानें करावयाची नाहीं. मुंबईस माहूल येथें १९५४ व १९५५ सालीं तेलशुद्धीचे मोठे कारखाने सुरू झाले. अशा कारखान्यांत आज गंधक काढण्याचा मुख्य उपाय हायड्रोजन वायूचा आहे. जीं कांहीं हट्टी संयुगें त्यास सहजीं दाद देत नाहींत, तीं पकडण्यासाठीं तांबें, निकेल इत्यादि धातु बसविलेल्या झिओलाइटचे प्रयोग शास्त्रज्ञांनीं केले आहेत. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चें डिझेल सर्व देशांत लागू झालें; त्यांत गंधक दहा लाख भागांत १० भागांहून अधिक चालत नाहीं. पंपावरून घरीं आलेल्या तेलांतून गंधक काढूं पाहणें व्यर्थ श्रम होत.

आपले शत्रु निराळे : पाणी, धूळ, गंज, आणि पाण्याच्या व तेलाच्या सीमेवर वाढणारा जंतूंचा बुळबुळीत थर. पिंप अर्धें रिकामें असेल तर दिवसा तापलेली हवा रात्रीं थंड होते व तिच्यांतील ओल पत्र्यावर दंव होऊन खालीं उतरते. आपल्याकडील हिंवाळ्यांत दिवसरात्रीचें अंतर मोठें असल्यानें हा प्रकार अधिक होतो. येथें शोषकाचा खरा उपयोग आहे, परंतु तो तेलांत नव्हे, हवेच्या वाटेवर. विजेच्या डीपीवर काचेच्या भांड्यांत निळे दाणे ठेवलेले पुष्कळांनीं पाहिले असतील. तें सिलिका जेल. आंत जाणाऱ्या हवेंतील ओल तें धरून ठेवतें व भिजलें म्हणजे गुलाबी होतें. टाकीच्या श्वासनळीस अशीच बंदिस्त डबी लावतां येते. निळ्या दाण्यांत कोबाल्टचा क्षार असतो, म्हणून ते मुलांच्या हातीं देऊं नयेत.

तळाशीं साचलेल्या पाण्यावर मात्र दाणे टाकणें म्हणजे ओंजळीनें विहीर उपसणें. पिंप सावलींत, किंचित् कलतें ठेवावें. भरल्यावर एक दिवस तेल निवळूं द्यावें. उपसण्याची नळी तळापासून चार बोटें वर ठेवावी. ट्रॅक्टरच्या पाणी-विभाजकाचा पेंच रोज सकाळीं उघडून पाणी सोडावें. जुनीं मंदगति विहिरीवरचीं इंजिनें कांहीं अस्वच्छता पचवीत. आतांचीं पचवीत नाहींत. शोषक वापरावयाचाच तर तो पक्क्या काडतुसांत बसविलेला असावा व त्यापुढें सूक्ष्म गाळणी असावी.

भेसळीचें रॉकेल तर कोणत्याही मातीनें निघत नाहीं. तें डिझेलमध्यें पूर्ण मिसळतें, व दोहोंचे घटक एकाच जातीचे असल्यानें मातीस निवड करतां येत नाहीं. त्याचा बंदोबस्त पंपावरच करावा. घनता मोजून दाखविण्यास सांगण्याचा ग्राहकास हक्क आहे. १५ अंश उष्णतामानास भारत स्टेज ६ च्या डिझेलची घनता घनमीटरला ८१० ते ८४५ किलो असावी, आणि टँकरबरोबर नोंदलेल्या आंकड्यापासून ३ किलोंहून अधिक फरक नसावा. आम्ही पुतण्यास हें मोजमाप पाहून मगच पिंप भरण्यास सांगितलें आहे. पहिल्या दिवशीं पंपावरील मनुष्य कुरकुरला, दुसऱ्या खेपेस त्यानें न सांगतां घनतामापक बाहेर काढला.