पस्तीस सेकंदांत नवे सोयरे

स्कॉटलंडमधल्या लग्नाचं बोलावणं आलं आणि त्यात ‘संध्याकाळी केली’ असं असलं, तर एकच करा. सपाट टाचेचे, घट्ट बसणारे बूट घाला.

हा शब्द लिहायला सात रोमन अक्षरं लागतात आणि त्यांतली शेवटची दोन बोलायचीच नसतात! उच्चार ‘केली’, अगदी आपल्या जलकेलीतल्यासारखा. दोन्ही शब्दांचं नातं मात्र काडीचंही नाही. गेलिक भाषेतल्या केलीचा अर्थ भेटीला जाणं. हिवाळ्यातल्या लांबलचक रात्री शेजाऱ्याकडे जायचं, विस्तवाभोवती बसायचं, गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची. त्या बसण्याउठण्यातूनच आजची नाचाची संध्याकाळ आली.

आता असं सभागृह डोळ्यांसमोर आणा. ऐंशी पाहुणे, अर्धे वराकडचे, अर्धे वधूकडचे. कुणी कुणाला ओळखत नाही. कोपऱ्यात चारच वादक, एक अकॉर्डियन, एक फिडल, कीबोर्ड आणि ड्रम. अर्ध्या तासात ही ऐंशी माणसं गिरक्या घेत, हात बदलत, एकमेकांवर न आदळता (बहुतेक वेळा!) नाचत असतात. सराव शून्य. हे जमतं कसं?

थोडं श्रेय शाळेला आहे. स्कॉटलंडमधल्या बहुतेक मुलांना नाताळ जवळ आला की व्यायामाच्या तासाला हे नाच शिकवतात. नावडत्या मुलामुलीचा घामट हात धरण्याची आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या सारखीच. पण परदेशातून आलेल्या मामाचं काय? त्याला सांभाळतं खुद्द संगीत.

रील हा या नाचांमधला नेहमीचा तालप्रकार. त्याची धून साधारणपणे बत्तीस मापांची असते, आठ-आठच्या चार तुकड्यांत कापलेली. आपल्या भाषेत हे एक आवर्तन. आठ मापं म्हणजे सोळा पावलं, जेमतेम नऊ सेकंद. नाचातली प्रत्येक हालचाल याच तुकड्यांत बसवलेली असते. आठ पावलं वर्तुळात डावीकडे गेलात की आठ पावलं उजवीकडे, की तुकडा संपला. तबल्यावर समेची चाहूल कानाला आधीच लागते ना? तसंच इथे. वळायची वेळ झाली हे डोक्याच्या आधी पायांना कळतं.

तरीही चुकणारे चुकतातच, म्हणून असतो ‘कॉलर’. शर्टाची नव्हे, पुकारा करणारा! बऱ्याचदा तो बँडमधलाच एक. आधी तो सगळ्यांना वाद्यांशिवाय, चालत चालत नाच समजावतो. मग संगीत सुरू झालं की एसटीचा कंडक्टर थांबा यायच्या आत नाव पुकारतो, तशी पुढच्या हालचालीची हाक तो किंचित आधी देतो. हाक समेवर आली तर उशीर झालेला असतो. ऐकून, समजून, अंग वळवायला माणसाला क्षणभर लागतोच.

मग जिवंत बँडच कशाला? गाणी तर फोनमध्येही असतात. पण फोनला डोळे नाहीत. रेकॉर्डिंग ठरल्या जागी संपतं आणि रांगेत पाळीची वाट पाहणाऱ्या शेवटच्या दोन जोड्या तशाच राहून जातात. अकॉर्डियनवाला मात्र नजर वर करतो, रांग अजून संपलेली नाही हे पाहतो आणि आणखी एक आवर्तन वाजवतो. लोक दमले तर लय जरा सैल सोडतो, रंगात आले तर ताणतो. दोन-तीन आवर्तनांनी धून बदलतो, कधी पट्टीही, आणि थकलेल्या पायांत पुन्हा जीव येतो. हा बँड कुणी पाहावा म्हणून आणत नाहीत. पाहण्याजोगं जे काही आहे ते पाहुणेच करतात!

या अकॉर्डियनशी आपली जुनी सोयरीक आहे. व्हिएन्नामध्ये 1829 मध्ये सिरिल डेमियन यांनी या नावाच्या वाद्याचं पेटंट घेतलं. हवा, भाता आणि थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या. ओळखीचं वाटतं? नाट्यसंगीताच्या पेटीतही हेच तत्त्व. स्कॉटलंडमधल्या फाइफच्या कोळसा खाणीत कोवळ्या वयात राबलेल्या जिमी शँड यांनी याच वाद्यावर स्कॉटिश नृत्यसंगीत घराघरांत नेलं. 1955 मध्ये त्यांची ‘ब्लूबेल पोल्का’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चढली. तिचे निर्माते जॉर्ज मार्टिन, पुढे बीटल्सचे!

माझा सगळ्यात लाडका नाच ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’. तिघांची एक ओळ दुसऱ्या तिघांसमोर. सहा जण वर्तुळात फिरतात, मधला माणूस दोन्ही बाजूंच्या जोडीदारांना गिरकी देतो, तिघं इंग्रजी आठाच्या आकड्यात गुंफले जातात, मग दोन्ही ओळी पुढे येतात, मागे जातात आणि एकमेकींतून आरपार निघून जातात. समोर पाहावं तर नवे तिघं उभे! एक आवर्तन साधारण पस्तीस सेकंदांचं. आठ आवर्तनं म्हणजे पाच मिनिटांच्या आत चोवीस नव्या माणसांशी गाठ. निम्म्या ओळी घड्याळाच्या दिशेने सरकतात, निम्म्या उलट्या, म्हणून भेट चुकत नाही. व्याही-विहिणींची ओळख करून देणारी याहून चोख व्यवस्था मला तरी ठाऊक नाही.

आणि ‘स्ट्रिप द विलो’? त्याचा ऑर्कनी बेटांवरचा प्रकार म्हणजे सभागृहाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत समोरासमोर दोन रांगा. जोडी आधी स्वतःभोवती गरगरते, मग रांगेतल्या एकेकाला गिरकी देत खाली उतरते. रांगेतल्याला डावा हात, जोडीदाराला उजवा. फुगडी खेळलेल्यांना यातलं विज्ञान हाताला ठाऊक असतं. दोघांनी मागे रेलून एकमेकांचा भार तोलायचा. जवळ ओढलं की वेग वाढतो. हात सुटला तर? माणूस सरळ रेषेत निघतो, थेट केकच्या टेबलाकडे.

म्हणून यजमान तुम्हीच असाल, तर बँड ठरवताना आधी जागा मोजा. टेबलं हलवता येतील का, विचारा. उन्हाळ्यातले शनिवार बरेच आधी भरतात. दोन भागांत वादन, मध्ये खाणं, आणि त्या खाण्यात बटाटा-कांदा-मांसाचं गरमागरम ‘स्टोव्हीज’ असेल तर नशीब. आणखी एक विचारा: सभागृहात आवाजाला लगाम घालणारं यंत्र आहे का? असलं तर ठरलेल्या पातळीच्या वर आवाज काही क्षण राहिला की ते मंचाची वीजच तोडतं.

स्पीकर मुके, कीबोर्ड मुका, माइकही गेला. पण अकॉर्डियनला वीज लागतच नाही, फिडललाही नाही. भाता आत-बाहेर होत राहतो, आणि रांगेतली पुढची जोडी हात धरून निघालेली असते.