नळ गळण्याआधी पाहा, कॉक फिरतो का?

रात्री दीडच्या सुमारास वॉश बेसिनखालचा कनेक्शन पाइप फुटतो. पाणी हॉलमध्ये येईपर्यंत कोणालाच पत्ता नसतो. बेसिनखालचा अँगल कॉक बंद करायला जावे, तर तो फिरत नाही. फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे घरात एकालाही माहीत नसते. मग वॉचमनला उठवून गच्चीवर धाव घ्यायची. तिथे सात-आठ सारखेच व्हॉल्व्ह. त्यातला आपला कोणता? तोवर खालच्या घराचे छत ठिबकू लागलेले असते.

सोसायटीत राहणाऱ्यांना असा प्रसंग नवा नाही. यात पाइप फुटल्यामुळे होते त्याहून जास्त नुकसान कॉक न फिरल्यामुळे होते.

कॉक का अडकतो?

बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी बऱ्याचदा जड असते. त्यातले क्षार आणि जुन्या लोखंडी पाइपचा गंज कॉकच्या आत साचतो. वर्षानुवर्षे हात न लावलेला कॉक मग जागीच धरतो. यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. महिन्यातून एकदा बेसिन, सिंक, फ्लश, गीझर आणि वॉशिंग मशीनचा प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. एखादा अडकला असेल, तर पान्याने जोर लावू नका. जुन्या जीआय लाइनचे आटे झिजलेले असतात. कॉक तुटून हातात येतो आणि नसलेली गळती सुरू होते. असा कॉक प्लंबरला बोलावून, वरचे पाणी बंद करून बदलून घेतलेला बरा.

त्याच दिवशी गच्चीवरच्या व्हॉल्व्हवर रंगाने फ्लॅट नंबर टाकून घ्या. सोसायटीच्या सभेत तासभर चर्चा करण्याचा हा विषय नाही, रंगाचा छोटा डबा पुरतो.

कनेक्शन पाइप हा दुसरा कच्चा दुवा. बाहेरून स्टीलची जाळी चकचकीत दिसते, पण आतली नळी रबराची किंवा प्लॅस्टिकची असते. जाळीवर गंजाचे ठिपके, कुठे फुगवटा किंवा नटाजवळ ओल दिसली, तर वाट पाहू नका. वॉशिंग मशीनचा नळ कपडे धुऊन झाल्यावर बंद करण्याची सवय लावा; नाहीतर त्या पाइपवर चोवीस तास दाब राहतो.

न दिसणारी गळती

गळणारा नळ निदान दिसतो. त्याखाली पेला ठेवा. तासाभरात 200 मिलिलिटरचा पेला भरला, तर दिवसाला जवळपास पाच लिटर पाणी वाया जाते. फ्लशची गळती मात्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. टाकीत कपड्यांची नीळ थोडी टाका आणि वीस मिनिटे फ्लश वापरू नका. भांड्यात निळसर पाणी उतरले, तर आतले रबर गेले आहे. अनेक सोसायट्यांत घरोघरी मीटर नसतो, बिल सगळ्यांत वाटले जाते. त्यामुळे असे फ्लश वर्षभर गळत राहतात.

तुंबण्याचे मूळ स्वयंपाकघरात असते. तळणीचे उरलेले तेल सिंकमध्ये ओतून वर गरम पाणी सोडले, की काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात ते तेल पुढे जाऊन थंड होते आणि पाइपला आतून चिकटते. चहाचा चोथा आणि भाताची शिते त्यावर बसतात. तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाका. सिंकखालचा बॉटल ट्रॅप दोन-तीन महिन्यांनी, खाली बादली ठेवून, उघडून धुवा. ॲसिड ओतण्याचा मोह टाळा. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले, तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. आधी काही ओतले असेल, तर पाइप उघडणाऱ्या प्लंबरला ते सांगाच.

खालच्यांच्या छताला ओल आली तर?

इथे संबंध बिघडतात. फरशी फोडण्याआधी आठवडाभर निरीक्षण करा. वापर असो वा नसो, ओल सारखी वाढत असेल, तर बहुधा दाबाची पाण्याची लाइन गळते आहे. अंघोळीनंतरच वाढत असेल, तर नहाणी ट्रॅप किंवा फरशीचे सांधे तपासा. फक्त पावसाळ्यात येत असेल, तर बाहेरच्या भिंतीवर संशय घ्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनची, तसेच पावसाच्या पाण्याची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते. घरातल्या शौचालय, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती त्या सदस्याने स्वखर्चाने दुरुस्त करायची.

गणपतीला किंवा मेच्या सुटीत गावी निघताना मुख्य व्हॉल्व्ह आणि गीझरचे बटण बंद करा. प्रत्येक नहाणीत तांब्याभर पाणी ओतून जाळी झाकून ठेवा. ट्रॅपमधले पाणी आटले, की गटाराचा वास आणि झुरळे वर येतात. आणि किल्ली शेजाऱ्यांकडे देताना व्हॉल्व्हही दाखवून ठेवा.