भाताच्या खाचरांकाठची मोतमाउली

वाचकहो, भाद्रपदात, गौरी-गणपतीच्या आगेमागे, तुमचे मुंबईला जाणे झाले आणि मुलुंडला कुणा नातलगाकडे उतरलात, तर सहज विचारून पाहा, "माउंट मेरीची जत्रा कधी हो?" घर हिंदूचे असो, बौद्धाचे असो की ख्रिस्ती माणसाचे, उत्तर बहुधा मिळेलच. कदाचित कुणी म्हणेल, "चला, आमचाही नवस फेडायचा आहे!"

जाणे सोपे आहे. मुलुंडहून मध्य रेल्वेने दादर, तिथे गाडी बदलून पश्चिम रेल्वेने वांद्रे. जत्रेच्या दिवसांत स्टेशनावरून टेकडीकडे बेस्टच्या जादा बसगाड्या सुटतात. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर ही जत्रा भरते.

आज उंच इमारतींत हरवलेले वांद्रे एकेकाळी तुमच्या-आमच्या गावासारखेच होते. रनवर, पाली, चुईम, चिंबई अशी लहान लहान गावे; मध्ये भाताची खाचरे, भाजीचे मळे, ताडाची झाडे आणि किनाऱ्याला कोळ्यांच्या होड्या. १५३४ साली हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला. पुढे जेझुईट पाद्री आले. १५७० च्या सुमारास त्यांनी टेकडीवर मारियेचे लहानसे प्रार्थनाघर बांधले, तर १५७५ साली खाली समुद्रकाठी संत आंद्रेचे देऊळ उभे राहिले. गावकरी ख्रिस्ती झाले, पण घरातली मराठी बोली, लुगडे आणि लग्नातली गाणी त्यांनी सोडली नाहीत. १८८७ साली या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी माणसे याच मातीतली, हे ध्यानात ठेवा.

टेकडीवरच्या मूर्तीनेही पुष्कळ सोसले आहे. १७०० साली मस्कतचे अरब किनाऱ्यावर चालून आले, तेव्हा मूर्तीचा उजवा हात तोडला गेला. पुढे मराठ्यांनी पोर्तुगिजांवर मोहीम काढली. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि त्या धामधुमीत टेकडीवरचे देऊळही गेले. कोळी लोक सांगतात, एका कोळ्याला स्वप्नात दृष्टान्त झाला की मूर्ती समुद्रात आहे. आणि खरोखरच ती त्याच्या जाळ्यात आली. १७६० च्या सुमारास देऊळ पुन्हा बांधून मूर्ती वर नेली. कोळ्यांची ती 'मोतमाउली'. मासेमारीला जाणारा धनी सुखरूप परत यावा म्हणून कोळीण तिलाच हात जोडते.

तेव्हा मुंबई आणि वांद्रे यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. होडीतून जावे लागे. पावसाळ्यात होड्या उलटत, माणसे जात. पुलाला पैसा द्यायला कंपनी सरकार तयार नव्हते. शेवटी लेडी आवाबाई जमशेटजी जीजीभाई या पारशी बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ साली माहीमचा बंधारा-रस्ता खुला झाला. बाईंचा मोतमाउलीला नवस होता, असे लोक सांगतात. काही असो, रस्ता झाल्यावर यात्रेकरूंची वाट निर्धोक झाली. पुढे रेल्वे आली आणि जत्रा वाढतच गेली. आजची दगडी इमारत १९०४ सालची. तिचा आराखडा शापूरजी चंदाभॉय या पारशी वास्तुकारांनी केला. १९५४ साली पोपनी या देवळाला 'बासिलिका' हा मान दिला.

नवसाची रीत तुम्हांला परकी वाटणार नाही. आपल्याकडे देवीला चांदीचे डोळे वाहतात, तसे इथे मेणाचे हात, पाय वाहतात. मूल हवे असेल तर मेणाचे बाळ, घर हवे असेल तर मेणाचे घर. त्या मेणाच्या घरांकडे पाहिले म्हणजे मुंबईच्या माणसाची चिंता कळते!

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्या भीतीच्या काळात वांद्र्याच्या लोकांनी ठिकठिकाणी क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्याभोवती जमून प्रार्थना केल्या. पुढे शहरातली माणसे मोकळ्या हवेसाठी इकडे राहायला आली. खाचरांचे प्लॉट पडले, मळ्यांवर बंगले उठले, बंगल्यांच्या इमारती झाल्या. ज्या गावाच्या शेतांकाठी ही जत्रा वाढली, त्या गावाकडे शेतच उरले नाही.

मग उरले काय? ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबईच्या परिसरातले ईस्ट इंडियन लोक 'आगेरा' साजरा करतात. नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन त्यांवर आशीर्वाद घेतात. हे आपले नवान्नच नव्हे काय? पुष्कळ घरांची जमीन कधीच गेली आहे, तरी लोंबीपुढे हात जोडायचे ते विसरलेले नाहीत.

२०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे जत्रा भरली नाही. नंतर टेकडीचा रस्ता पुन्हा गजबजला. तुम्ही गेलात तर रविवारची गर्दी टाळा, लहान मुलांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा आणि दर्शन झाल्यावर थोडे खाली उतरून रनवरची जुनी लाकडी घरे व गल्लीतला क्रूस जरूर पाहा. त्या अंगणांसमोर एके काळी भात डोलत होते. आणि परतल्यावर आपल्या बांधावर उभे राहून आपले शिवार पुन्हा एकदा डोळे भरून पाहा.