एका गोळीत चाळीस फवारे

समुद्रपूर तालुक्यात कापूस, सोयाबीन आणि तूर पिकते, आणि पिकाच्या पाठोपाठ धूळही घरात येते. थ्रेशर सुरू झालं की भुसा उडतो. वेचणी आटोपली की उपटलेली पऱ्हाटी चुलीत जाते. ज्यांना दमा आहे, किंवा आयुष्यभर चुलीपुढं बसून ज्यांची छाती भरलेली राहते, त्यांच्या हाताशी एक छोटासा पंप हवाच. या पंपाच्या गोष्टी मोठ्या मजेदार आहेत.

आधी हिशेब. श्वासनलिका मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी मिळते २ किंवा ४ मिलीग्रामची. पंपाच्या एका फवाऱ्यात तेच औषध असतं १०० मायक्रोग्राम. म्हणजे ४ मिलीग्रामच्या एका गोळीत तब्बल ४० फवारे! तरी “पंप लय कडक असते, सवय लागते, गोळीच बरी” असं गावोगाव ऐकू येतं. खरं तर गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून अंगभर फिरते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा थेट श्वासनलिकेत उतरतो आणि पाचेक मिनिटांत मोकळं वाटू लागतं.

हा पंप सुचला एका लहान मुलीमुळे. अमेरिकेतल्या रायकर कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांची तेरा वर्षांची लेक दम्यासाठी काचेचा नाजूक नेब्युलायझर वापरायची. तिनं बापाला विचारलं, केसांवर मारायचा स्प्रे असतो तसं माझं औषध का नाही? मार्च १९५६ मध्ये तसा पंप बाजारात आला.

त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १९ फेब्रुवारी १९५६ रोजी, आचार्य नरेंद्र देव गेले. समाजवादी चळवळीचा हा मोठा माणूस जन्मभर दम्यानं बेजार होता. १९४२ मध्ये प्रकृतीसाठी ते काही महिने आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजींजवळ राहिले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अटक झाली आणि तोच दमा घेऊन ते नेहरूंसोबत अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवासात राहिले. तेव्हा खिशात मावेल असा पंप जगात कुठंच नव्हता.

पुढं १९६९ साली ब्रिटनमध्ये साल्ब्युटामॉलचा पंप विक्रीला आला, आणि त्याच साली सेवाग्रामला देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं.

पंपाच्याही आधीचा उपाय म्हणजे धोत्रा, तो तर आपल्या बांधावरचा. दम्यावर धोत्र्याचा धूर ओढण्याची रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्लंडला पोचली आणि तिकडं पुढं दम्याच्या सिगारेटीही निघाल्या. धोत्र्यात ॲट्रोपिन असतं. आज डॉक्टर देतात ती इप्राट्रोपियम, टायोट्रोपियम ही औषधं त्याच घराण्यातली, पण मात्रा मोजलेली. धोत्रा मात्र विषारी, घरी प्रयोग अजिबात नको!

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथंच बहुतेकांचं औषध वाया जातं. पंप आणि रोटाहेलर, म्हणजे औषधाची पूड श्वासानं ओढायचं साधन, यांची रीत एकमेकांच्या उलट आहे. पंपाला सावकाश श्वास लागतो. आधी पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, तोंडाचा भाग ओठांत घट्ट धरायचा, हळूहळू श्वास आत घेऊ लागतानाच दाबायचं आणि मग मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखायचा. घाई केली की औषध घशालाच चिकटतं. रोटाहेलरमध्ये कॅप्सूल घालून फिरवली की तिचे दोन भाग होतात आणि पूड मोकळी होते. ती आत न्यायला श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, कारण इथं ढकलणारा गॅस नसतो, जोर आपल्या फुप्फुसाचाच. पूड उरली दिसली तर पुन्हा ओढायची. आणि ही कॅप्सूल पाण्यासोबत गिळायची नाही, काही जण खरंच गिळतात!

श्वास आणि दाबणं जुळत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायचं पोकळ नळकांडं, घ्या. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना तो फार उपयोगी. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये दाखवलं की अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीला बुडाशी पंपाच्या मापाचं भोक पाडून केलेला स्पेसरही मुलांना विकतच्याइतकाच आराम देतो. स्पेसर साबणाच्या पाण्यानं धुवा, पण फडक्यानं पुसू नका. घासल्यावर प्लास्टिकवर स्थिर वीज साचते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं.

स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरून पाणी थुंकून टाका, नाही तर तोंडात पांढरी बुरशी धरते. हा पंप बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायचा नाही. त्याचं काम आतली सूज रोज थोडी थोडी उतरवण्याचं आहे.

जिनिंगच्या कामगारांसाठी एक गोष्ट. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये छाती सर्वात जास्त आवळते ती सुटीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी. हा आजार कामामुळे होणाऱ्या आजारांच्या कायदेशीर यादीत नोंदलेला आहे, तेव्हा डॉक्टरला आपलं काम आवर्जून सांगा.

मृग लागला की हैदराबादला दम्यासाठी जिवंत मासा गिळायला हजारो लोक जमतात. जाणाऱ्यांनी जावं, पण पंप सोबत न्यावा आणि चालू औषध एक दिवसही तोडू नये.

पंप संपला की नाही हे पाण्यात तरंगवून पाहायची जुनी युक्ती भरवशाची नाही, आणि हलवून येणारा आवाजही फसवा. औषध संपलं तरी आतला गॅस फुसफुसत राहतो. साध्या पंपात बहुधा २०० फवारे असतात. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन घेत असाल तर ५० दिवस. नवा पंप उघडाल त्या दिवशीच त्याच्यावर पेनानं तारीख टाका.