फडातला मुक्काम

कोकणातून परळ-लालबागला आलेला गिरणी कामगार आणि बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या फडात उतरणारा ऊसतोड कामगार, दोघांनाही आपण सरसकट स्थलांतरित म्हणतो. दोघांनी गाव सोडलं पोटासाठी आणि दोघांचीही गावाशी नाळ तुटली नाही. गिरणी कामगार मनीऑर्डरी धाडत होता, गणपतीला आणि शिमग्याला गावी जात होता. तरी मुंबईने त्याला हळूहळू धरून ठेवलं. गिरणीच्या हजेरीपटावर त्याचं नाव चढलं, युनियन मिळाली, चाळीतल्या पत्त्यावर मतदार म्हणून नोंद झाली, मुलं महापालिकेच्या शाळेत गेली. ऊसतोड कामगार मात्र वर्षानुवर्षं त्याच कारखान्याला जाऊनही तिथला होत नाही. म्हणून गावी परतणं हा या दोघांतला फरक नव्हे. नव्या जागी काळाबरोबर माणसाचे हक्क साचतात की नाही, हा खरा फरक आहे.

ऊसतोडीत ते का साचत नाहीत, हे कामाच्या रीतीतच दिसतं. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल लग्नात, दवाखान्यात आधीच खर्ची पडलेली असते. मजुरी टनावर, खाडा झाला की दंड. करार होतो तो वाहतूकदार आणि मुकादमाशी, त्यामुळे तोडणाऱ्याचं नाव कारखान्याच्या हजेरीपटावर बहुधा येतच नाही. एक फड संपला की कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, मोडायची आणि पुढच्या फडावर उभारायची. हंगामाअखेर उचल फिटली नाही, तर तेवढी बाकी पुढच्या वर्षाला जाते.

‘त्यांचं घर, रेशनकार्ड, मतदान सगळं गावात आहे, मग अडलं कुठे?’ असा प्रश्न कुणी विचारेल. अडतं ते इथे, की हक्क गावात असतात तेव्हा माणूस फडात असतो. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि त्याचा मधला मोठा तुकडा हंगाम खातो. ऊसतोड्यांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या त्या यामुळेच. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता, बीडहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसतच नव्हता. उलट देशात कुठेही धान्य देणाऱ्या रेशनकार्डाच्या योजनेने एक गोष्ट सिद्ध केली आहे: हक्क पत्त्याऐवजी माणसाला जोडता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूळ गावांना पाणी आणि काम द्या, म्हणजे हे जाणं-येणंच थांबेल. ते व्हायलाच हवं. पण कोरडवाहू शेतीला पाणी मिळेपर्यंत कितीतरी हंगाम जातील आणि तेवढ्यात एका पिढीचं शिक्षण निघून जाईल. कारखान्याजवळ कायमची वस्ती करून देणं हाही उपाय नाही, कारण धुराडं थांबलं की तिथे ऊसतोड्यांना कामच उरत नाही. ज्यांचं आयुष्यच दोन ठिकाणी विभागलेलं आहे, त्यांना एक ठिकाण निवडायला लावणं अन्यायाचं आहे. शाळेतला दाखला, अंगणवाडीचा आहार, गरोदर बाईची तपासणी हे सगळं दोन्हीकडे चालू राहायला हवं, आणि तोडणाऱ्या प्रत्येकाची, बाईचीही, स्वतंत्र नोंद कारखान्याने ठेवायला हवी.

याची सुरुवात मोजणीपासून करता येईल. पुढची जनगणना १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे, म्हणजे फेब्रुवारीत प्रगणक फिरतील तेव्हा ऊसतोड चालूच असेल. गाळप परवाने साखर आयुक्तालय देतं, त्यामुळे कोणता कारखाना चालू आहे हे सरकारला ठाऊक असतं. कारखान्यांकडून फडांची यादी घेऊन कोप्यांपर्यंत प्रगणक पाठवणं अशक्य नाही.